कर कोण भरतो?

दलित विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीविषयी, भूमिहीनाच्या घरकुलाविषयी किंवा रेशनच्या धान्याविषयी बोलणे निघाले, की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘हे सगळे आमच्या करातून चालते.’ या वाक्यातला ‘आमच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बोलणारा स्वतःला देणारा समजतो आणि समोरच्याला घेणारा. बलुते मागायला आलेल्या माणसाकडे गाव ज्या नजरेने पाहत असे, तीच नजर आता आयकराच्या विवरणपत्राआडून पाहू लागली आहे. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, ज्याला उद्देशून हे बोलले जाते तोही पुष्कळदा मान खाली घालतो. आपण कर भरत नाही, अशी त्याचीही समजूत झालेली असते.

ही समजूत खोटी आहे. ती खोटी कशी हे हिशेबाने दाखविणे, आणि गेल्या काही वर्षांत कायद्याच्या मार्गाने देशाच्या करपद्धतीत जो मोठा बदल झाला तो आपल्या बाजूने समजून घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी निफाड तालुक्यातील सायखेड्याचा. गोदावरीच्या काठचे हे बाजाराचे गाव, पलीकडे चांदोरी, भोवती कांदा, द्राक्षे आणि ऊस. येथे आम्ही महाविद्यालयीन मुलामुलींचा एक अभ्यासवर्ग चालवितो. यातली बहुतेक मुले शेतमजुरांच्या घरची. वस्तू व सेवा कराविषयी त्यांनी मला वेळोवेळी जे प्रश्न विचारले, त्यांच्या आधाराने हे लिहीत आहे. अर्थशास्त्र हा काही थोड्यांचा विषय आणि मोर्चा हा आपला विषय, अशी जी वाटणी झाली आहे ती मोडली पाहिजे. बाबासाहेबांनी ती कधीच मान्य केली नव्हती.

वेठ हाही करच

कर म्हणजे रोख पैसा, ही व्याख्या अपुरी आहे. सत्तेने मोबदला न देता जे काढून घेतले तो कर, अशी व्याख्या केली तर या देशात सर्वांत जास्त कर कोणी भरला याचे उत्तर वेगळे येते. गावकामगार म्हणून महाराने सरकारी टपाल वाहिले, खजिन्याची राखण केली, साहेबाचा घोडा धरला, वर्दी पोहोचविली. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीला वंशपरंपरेचा शिक्का बसला. चाकरीचा मोबदला म्हणून वतनाचा तुकडा होता. पण त्या तुकड्यावरही सरकार ‘जुडी’ घेत असे. म्हणजे अंगमेहनतीचा कर वेगळा आणि जमिनीचा कर वेगळा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच पिळवणुकीविरुद्ध, आणि १९३९ च्या डिसेंबरात हरेगावच्या परिषदेत जुडीवाढीविरुद्ध आवाज उठविला गेला. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली. सामाजिक सुधारणेचे कलम म्हणून आपण ते वाचतो. ते करसुधारणेचेही कलम आहे, असे माझे मत आहे.

जोतीरावांनी हा प्रश्न त्यापूर्वीच मांडला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये लोकल फंड, मिठावरची जकात, शेतसारा यांची त्यांनी केलेली झाडाझडती आजही वाचण्यासारखी आहे. कर कोणाकडून येतो आणि खर्च कोणावर होतो, हे दोन प्रश्न एकमेकांसमोर ठेवून विचारण्याची रीत त्यांनी घालून दिली.

बाबासाहेब तर या विषयाचे पदवीधर पंडितच. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना होती सेलिग्मन यांची, म्हणजे त्या काळच्या करशास्त्रातील अग्रगण्य अध्यापकाची. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर नेमके बोट ठेवले. आयकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी असते. शेतसारा मात्र जमीन केवढीही असो, पीक येवो न येवो, द्यावाच लागतो. मोठा जमीनदार आणि एका बिघ्याचा धनी यांना एकच माप लावणे हा अन्याय आहे, हा त्या भाषणाचा गाभा. ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याचा कर, हे तत्त्व त्यांनी त्या दिवशी सभागृहासमोर ठेवले. पुढचा सगळा विचार या एका कसोटीवर करावयाचा आहे.

दोनशे नव्व्याण्णव रुपयांचा हिशेब

कर दोन प्रकारचे. एक प्रत्यक्ष : जो भरतो त्याच्याच खिशातून जातो, जसे आयकर, कंपनीकर. दुसरा अप्रत्यक्ष : सरकारात भरतो व्यापारी, पण तो वसूल करतो गिऱ्हाइकाकडून. पहिल्या करात भरणाऱ्याचे नाव लागते, त्याला पावती मिळते, तो ‘करदाता’ म्हणून मिरवतो. दुसऱ्या करात खरा भरणारा निनावी राहतो. ‘आमच्या करातून’ हे वाक्य या निनावीपणावर उभे आहे.

अभ्यासवर्गात मी मुलांना मोबाईलचा हिशेब करावयास सांगतो, कारण तो प्रत्येकाच्या हातात असतो. रिचार्जवर १८ टक्के कर आहे. २९९ रुपयांचा रिचार्ज मारला तर त्यात मूळ सेवा साधारण २५३ रुपये ४० पैशांची, आणि कर ४५ रुपये ६० पैशांचा. द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बाईच्या मुलाने रिचार्ज मारला तरी ४५ रुपये ६० पैसे, आणि बागेच्या मालकाने मारला तरी तेवढेच. तिच्या एका दिवसाच्या मजुरीत या रकमेचा वाटा केवढा आणि मालकाच्या एका दिवसाच्या मिळकतीत केवढा, हे मुलांनी स्वतः काढावे. १९२७ साली शेतसाऱ्याला लावलेली कसोटी येथे जशीच्या तशी लागू पडते. अप्रत्यक्ष कर सर्वांना सारखा दिसतो, म्हणूनच तो विषम असतो. मिठावरचा कर याच जातीचा होता. तो जायला १९४७ साल उजाडावे लागले.

ज्याच्या घरी आलेला पैसा महिनाअखेर शिल्लक राहत नाही, तो आपले सगळे उत्पन्न खर्च करतो; म्हणजे त्याचे सगळे उत्पन्न या कराच्या चाळणीतून जाते. ज्याचे उत्पन्न शिल्लक पडते, त्याची शिल्लक या चाळणीबाहेर राहते. गरिबाचा कर टक्केवारीने जड का पडतो, याचे साधे कारण हे आहे.

कायदा कसा घडला

२०१७ पूर्वी मालावर अनेक कर होते : केंद्राचे उत्पादनशुल्क, १९९४ पासूनचा सेवाकर, राज्याचा मूल्यवर्धित कर, प्रवेशकर, आणि शहरांची जकात किंवा नंतरचा स्थानिक संस्था कर. मुख्य दोष असा, की करावर पुन्हा कर बसत असे. समजा, कारखानदाराने १०० रुपयांचा माल १० टक्के कर लावून ११० ला विकला. घाऊक व्यापाऱ्याने त्यावर आपले २० रुपये चढविले, झाले १३०. त्यावर पुन्हा १० टक्के, म्हणजे १४३. एकूण कर २३ रुपये. नव्या पद्धतीत व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. त्याला माल पडला १००, नफा २०, विक्री १२०, त्यावर कर १२. पैकी १० आधीच भरलेले, म्हणून तो सरकारात २ च भरतो. गिऱ्हाइकाला माल १३२ ला पडतो. करावरचा कर गेला, ही सुधारणा खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. जकातनाक्यांवरच्या मालमोटारींच्या रांगाही गेल्या.

ही कल्पना एका रात्रीत आली नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने या शतकाच्या आरंभी देशभर एकच वस्तू व सेवा कर असावा अशी शिफारस केली. २००६ च्या अर्थसंकल्पात १ एप्रिल २०१० ही तारीखही जाहीर झाली. पण राज्यघटनेत वस्तूंच्या विक्रीवरील कर राज्याकडे आणि उत्पादन व सेवांवरील कर केंद्राकडे, अशी विभागणी होती. ती बदलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. २०११ साली मांडलेले ११५ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेबरोबर २०१४ साली रद्द झाले. मग डिसेंबर २०१४ मध्ये १२२ वे विधेयक आले. लोकसभेने ते मे २०१५ मध्ये आणि राज्यसभेने दुरुस्त्यांसह ३ ऑगस्ट २०१६ रोजी मंजूर केले. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी त्याला संमती दिली. महाराष्ट्राने ती ऑगस्टअखेर दिली. ८ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींची सही होऊन ती १०१ वी घटनादुरुस्ती झाली. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राचे कायदे झाले, मे महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष अधिवेशनात राज्याचा कायदा केला, आणि १ जुलै २०१७ पासून नवी पद्धत सुरू झाली. दर ठरले ५, १२, १८ आणि २८ टक्के.

राज्यघटनेच्या २६५ व्या कलमाप्रमाणे कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. गावगाड्याच्या मनमानी वसुलीखाली पिढ्या काढलेल्या समाजाला या एका वाक्याची किंमत समजावून सांगावी लागू नये. पण कायदा कोण करतो, हा पुढचा प्रश्न आहे. घटनेत २७९-अ हे नवे कलम आले आणि वस्तू व सेवा कर परिषद स्थापन झाली. तीत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला हवे तीनचतुर्थांश. म्हणजे केंद्र नको म्हणाले तर सगळी राज्ये एक झाली तरी निर्णय होत नाही. परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही व्यवहारात दर ठरतात ते परिषदेत, आणि अमलात येतात ते अधिसूचनेने. त्या टेबलाभोवती केंद्र आणि राज्यांचे मंत्री बसतात. त्यांनी ज्यांची मते घेतली, त्या शेवटच्या गिऱ्हाइकाच्या वतीने बोलणे त्यांचे काम आहे. पण तेथे राज्याच्या तिजोरीची काळजी जेवढी बोलते, तेवढी त्या गिऱ्हाइकाची बोलत नाही.

वजावटीच्या या साखळीत प्रत्येक जण आपला कर पुढच्याच्या अंगावर ढकलतो. साखळीच्या शेवटी जो उभा असतो त्याला पुढे कोणी नसते. जातीच्या उतरंडीत सर्वांत खालच्या गाडग्यावर वरच्या सगळ्यांचा भार येतो, तसेच हे.

साखळीच्या मधेही एक माणूस अडकला आहे. चपला शिवणारा कारागीर, केरसुण्या बांधणारे कुटुंब, टोपल्या विणणारी बाई यांची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असते. वस्तूंसाठी ही मर्यादा २०१९ पासून ४० लाख रुपये आहे. नोंदणी नाही म्हणजे कटकट नाही, हे बरेच झाले. पण नोंदणी नसल्याने तो कराचे बिल देऊ शकत नाही, आणि त्याच्याकडून घेतलेल्या मालावर मोठ्या व्यापाऱ्याला वजावट मिळत नाही. मोठा व्यापारी मग नोंदणीवाल्याकडे जातो. कारागिराने कातडे, सोल, चिकटद्रव्य घेताना भरलेला कर मात्र त्याच्याच गळ्यात राहतो. कायद्याने कोणाला बाहेर ठेवले नाही; पण कायद्याची रचना अशी, की लहान माणूस आपोआप बाहेर राहतो. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

कांद्यावर कर नाही, तरी कर आहे

आमच्या भागातला सर्वांत चांगला धडा कांदा देतो. ताज्या कांद्यावर वस्तू व सेवा कर शून्य आहे. मग कांद्यातून सरकारला काही मिळत नाही काय? शेतकरी औषध फवारतो त्यावर बहुतांशी १८ टक्के, खतावर ५ टक्के, पाइपावर १८ टक्के. ट्रॅक्टर व पंपाला डिझेल लागते. डिझेल, पेट्रोल आणि मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले आहेत, त्यांवर जुने कर चालूच आहेत. शेतकऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि त्याच्या मालावर कर शून्य, म्हणून त्याला वजावटही नाही. हा सगळा कर कांद्याच्या खर्चात मुरतो. भाव चांगला असेल तर तो गिऱ्हाइकाकडून निघतो. भाव पडला तर शेतकरी तो काढतो मजुरीतून.

येथे आपण थांबून पाहिले पाहिजे. रोपांची लागण, खुरपणी, काढणी, पात कापणे ही कामे कोण करते? बहुतांशी भूमिहीन बाया, त्यांत आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच. बाजारात हमाली कोण करते, गोण्या कोण भरते? यांपैकी कोणाचेही नाव करदात्यांच्या यादीत नाही. पण कर शेवटी जिरतो त्या जागी यांचीच पाठ आहे.

दुसरे उदाहरण निर्यातशुल्काचे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याने सरकारला अधिसूचना काढून असे शुल्क लावण्याचा अधिकार दिला आहे. संसदेपुढे प्रकरण नंतर जाते. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव काही दिवस बंद राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये तर निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क ठेवून उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून गेले. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू कोणी वाईट म्हणणार नाही. पण एकाच कागदाने एका गरिबाला दिले ते दुसऱ्या गरिबाकडून काढले. लिलाव बंद असतो त्या दिवशी हमाल-मापाड्यांची चूल कशावर पेटते, हे त्या अधिसूचनेत लिहिलेले नसते. घटनादुरुस्तीला एक तप लागते आणि एक अधिसूचना संध्याकाळी निघून सकाळी लागू होते. कर कायद्यानेच बसतो हे खरे. पण विधिमंडळात चर्चा होऊन बसणे वेगळे आणि खात्याच्या सहीने बसणे वेगळे.

२०२५ ची दरकपात

३ सप्टेंबर २०२५ रोजी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दरांची फेरमांडणी झाली. २२ सप्टेंबरपासून मुख्य दर दोनच राहिले, ५ आणि १८ टक्के. चैनीच्या व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्के. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले. सायकल, शिवणयंत्र, स्वयंपाकाची भांडी, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. अडीच हजारांपर्यंतच्या चपलाबुटांना ५ टक्के. तेंदूपानावरचा कर १८ वरून ५ वर आला. सिन्नरकडच्या बिडी वळणाऱ्या बायांच्या धंद्याशी त्याचा संबंध आहे. वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांवरचा कर शून्य झाला.

या कपातीचे स्वागत केले पाहिजे, आणि दोन प्रश्नही विचारले पाहिजेत. पहिला : जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत शेतमजुराच्या मुलाच्या वहीवर १२ टक्के आणि त्याच्या साबणावर १८ टक्के कर कोणत्या न्यायाने होता? बायकांच्या पाळीच्या घड्यांवरही आरंभी १२ टक्के होते. देशभर ओरड झाल्यावर जुलै २०१८ मध्ये ते गेले. ओरड झाली की दर बदलतो, हे त्यातून शिकावे. दुसरा : उतरलेला कर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला हे कोणी पाहावयाचे? मूळ कायद्याच्या १७१ व्या कलमात नफेखोरीविरुद्ध तरतूद होती, त्यासाठी प्राधिकरणही होते. ते २०२२ अखेर बंद होऊन काम स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेच थांबले. म्हणजे सर्वांत मोठी दरकपात आली तेव्हा त्या कलमाखाली दाद मागण्याचे दार लागलेले होते.

शिवाय काही जागा तशाच राहिल्या. स्पर्धा परीक्षांच्या खाजगी शिकवणीवर १८ टक्के आहेत. मुलगा राखीव जागेसाठी अभ्यास करतो तेव्हा शिकवणीच्या शुल्काबरोबर सरकारात करही भरतो, आणि त्यालाच ऐकावे लागते की त्याला सगळे फुकट मिळते.

वारशाची बाजू

अप्रत्यक्ष कर सर्वांना पोहोचतो, हे झाले. प्रत्यक्ष कराच्या बाजूला काय घडले? १९५६ साली निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने भारत सरकारला अहवाल दिला, आणि त्याच दशकात मालमत्तेवर तीन कर आले : १९५३ पासून मृत्यूनंतरच्या इस्टेटीवरचा कर, १९५७ चा संपत्तीकर आणि १९५८ चा देणगीकर. इस्टेटीवरचा कर १९८५ साली गेला, देणगीकर १९९८ साली आणि संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात. उत्पन्न कमी आणि वसुलीचा खर्च जास्त, हे कारण सांगितले गेले. २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकमाने देशी कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, सवलती सोडण्याच्या अटीवर. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला; भाषा सोपी झाली, कलमे कमी झाली, पण मालमत्तेचा प्रश्न त्यात नाही. शेतीच्या उत्पन्नावरील कर हा राज्यांचा विषय. मोठ्या धारणांवर कर बसवावा ही के. एन. राज समितीची १९७२ ची शिफारस कागदावरच राहिली.

वारसाकर हा केवळ तिजोरीचा प्रश्न नाही. जात म्हणजे काय? जन्माने मिळालेले स्थान. वारसा म्हणजे काय? जन्माने मिळालेले धन. या देशात या दोन गोष्टी एकाच घरात नांदल्या. ज्याला वारशाने शंभर बिघे मिळाले त्याला कोणी ‘फुकट मिळाले’ असे म्हणत नाही. ज्याला वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली त्याला म्हणतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच विषम वारशाविरुद्ध. बाबासाहेब तर १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये याहून पुढे गेले होते. जमीन आणि मूलभूत उद्योग राष्ट्राच्या मालकीचे असावेत आणि ते घटनेतच लिहिलेले असावे, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मग निदान कराच्या मार्गाने तरी जन्माचे धन थोडे समाजाकडे यावे, ही मागणी फार मोठी म्हणता येणार नाही.

आपण काय करावे

महाराष्ट्रात एक चांगले उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर कायदा झाला. पगारदार आणि व्यावसायिक कर भरतील, सरकार आपली भर घालील आणि दुष्काळी गावातला मजूर कामाचा हक्क मागेल, अशी ती रचना होती. कोणाकडून घ्यावयाचे आणि कोणाला द्यावयाचे, हे तेथे कायद्यात सरळ लिहिले गेले. करसुधारणा म्हणतात ती याला.

याउलट अनुसूचित जातींच्या विकासाचा निधी पाहा. विशेष घटक योजना १९७९-८० च्या सुमारास सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा हे तत्त्व मान्य झाले. तो निधी दुसरीकडे वळवू नये यासाठी आंध्र प्रदेश व कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रातही कार्यकर्ते अशा कायद्याची मागणी करीत आले आहेत. २०२५ साली सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसऱ्या योजनेसाठी वळविला गेला तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याच्या नाराजीने पैसा परत येत नाही; कायदा असता तर तो गेलाच नसता.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही साधी कामे अंगावर घ्यावीत. आपल्या वस्तीतल्या चार घरांचा महिन्याचा खर्च मांडून त्यात कर किती गेला हे काढावे. तो कागद भाषणापेक्षा जास्त बोलेल. दुकानात बिल मागावे. ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी आपणही भरतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करावयाची असते, तिचा हिशेब ग्रामसभेत मागावा आणि तो नोंदवहीत लिहून घ्यावा. राज्याच्या अर्थसंकल्पातील अनुसूचित जाती घटकाची पाने दरवर्षी वाचावीत : तरतूद किती, खर्च किती, परत किती गेला. आणि आमदार मते मागायला येईल तेव्हा रस्त्याबरोबर निधीच्या कायद्याविषयीही विचारावे.

मागण्या तीन आहेत. जगण्याला लागणाऱ्या वस्तूंवरचा कर नाममात्र असावा, आणि उतरलेला कर गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला की नाही हे पाहणारी यंत्रणा असावी. मोठ्या मालमत्तेवर व वारशावर कर पुन्हा बसावा. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कायद्याचे कुंपण असावे. यांपैकी एकही मागणी दयेची नाही. १९४४ साली सुरू झालेली शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या आणि आज शिकणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे, की त्या पैशात त्याच्या आईने घेतलेल्या साबणाचा, आजोबांनी ओढलेल्या बिडीचा आणि त्याच्या स्वतःच्या रिचार्जचा कर आहे. ‘आमच्या करातून’ हे वाक्य पुन्हा ऐकू आले तर रागावण्याचे कारण नाही. ‘हो, आमच्याच करातून’ असे म्हणावे आणि पुढे हिशेब मागावा.